रिकाम्या आसनाचे मोल

वखारीतील कापड आज विकले गेले नाही तर उद्या विकले जाते, कोठारातील धान्य या हंगामात उठले नाही तर पुढच्या हंगामात उठते; परंतु विमानातील जे आसन उड्डाणाच्या क्षणी रिकामे राहिले त्याचे मूल्य त्याच क्षणी लयास जाते, आणि मग कोणीही व्यापारी ते पुन्हा विकू शकत नाही. मंडईतील माळीण दिवे लागण्याची वेळ होताच उरलेली मेथीची जुडी निम्म्या भावाने देऊन मोकळी होते. अमेरिकेतील विमान कंपन्यांना मात्र हा साधा मार्ग चाळीस वर्षे कायद्याने बंद होता. आज क्रेडिट कार्डावर साठलेले पॉइंट मोजून आई, वडील आणि दोन मुले असे एखादे कुटुंब जवळजवळ विनामूल्य हजारो मैलांचा प्रवास करून येते, तेव्हा त्या सोयीच्या एका मुळाशी हे रिकामे आसन असते. दुसरे मूळ त्याहून जुने असून ते विमानतळापासून फार दूर, किराणा मालाच्या दुकानात सापडते.

१८९६ साली टॉमस स्पेरी आणि शेली हचिन्सन या दोघांनी अमेरिकेत एक कंपनी स्थापन केली आणि दुकानदारांना डिंक लावलेली लहान हिरवी तिकिटे विकण्याचा व्यवसाय आरंभिला. दुकानदाराने ही तिकिटे कंपनीकडून रोख पैसे मोजून घ्यावीत, गिऱ्हाइकास दर दहा सेंटांच्या खरेदीमागे एक या प्रमाणात ती विनामूल्य द्यावीत, गिऱ्हाइकाने ती एका वहीत चिकटवावीत, आणि वह्या पुरेशा भरल्या म्हणजे त्या कंपनीच्या केंद्रात जमा करून त्यांच्या बदल्यात विजेची इस्तरी, चादरी, टोस्टर, मुलाची सायकल अशी एखादी वस्तू घरी न्यावी, असा हा व्यवहार होता. वहीला चोवीस पाने असत आणि ती बाराशे तिकिटांनी भरे. म्हणजे एक वही पुरी होण्यास एकशेवीस डॉलरांची खरेदी व्हावी लागे. गल्ल्याशेजारी ठेवलेल्या यंत्राची तबकडी फिरवून दुकानदार तिकिटांची पट्टी काढून देई, आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरातील मेजावर ओल्या फडक्याने तिकिटे भिजवून ती वहीत बसवण्याचे काम मुलांकडे येई. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या उपनगरांत मोठमोठी स्वयंसेवा-दुकाने निघाली, त्यांच्या परस्परस्पर्धेत या तिकिटांना अपूर्व भरभराट आली. १९६० नंतरच्या दशकात ही कंपनी सरकारी टपाल खात्याच्या तिप्पट तिकिटे छापते असे अभिमानाने सांगितले जाई. अँडी वॉरहॉल या चित्रकाराने १९६२ साली ती तिकिटेच आपल्या चित्राचा विषय केली. आणि पेनसिल्व्हेनियातील एरी शहराच्या शाळकरी मुलांनी तर अशी तिकिटे साठवून आपल्या प्राणिसंग्रहालयासाठी गोरिलांची जोडी मिळवली.

या हिरव्या वहीचे सामाजिक महत्त्व मला त्या इस्तरीत किंवा टोस्टरमध्ये दिसत नाही. ज्या काळी अमेरिकन मध्यमवर्गातही मिळकत पुरुषाची आणि बँकेतील खाते पुरुषाच्या नावाचे अशीच रीत होती, त्या काळी ही वही गृहिणीच्या ताब्यातील स्वतंत्र खजिना होती. तिच्यात जमा किती झाली आणि ती कशासाठी वापरायची याचा निर्णय तीच करीत असे. पुढे तेलटंचाई आली, महागाई वाढली, तिकिटांचा खर्च वाचवून मालाचे भाव उतरवणे दुकानदारांना अधिक किफायतशीर वाटू लागले, आणि १९७० नंतरच्या दशकात हिरव्या तिकिटांचा अंमल संपुष्टात आला. तथापि आवश्यक खरेदी करता करता घरासाठी काहीतरी शिल्लक पडत जाते, ही जी सवय या वहीने दोन पिढ्यांना लावली, ती मात्र गेली नाही.

दरम्यान कार्डाचा उदय झाला होता. फ्रँक मॅक्नमारा यांचे डायनर्स क्लब कार्ड १९५० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांत चालू लागले. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात कोणी मागणी केलेली नसताना साठ हजार कार्डे टपालाने घरोघर धाडली. या कार्डांनी उधारीला नवे रूप दिले, पण बक्षिसाची कल्पना अजून त्यांच्याकडे आलेली नव्हती. ती आकाशातून यावयाची होती.

१९३८ पासून अमेरिकेतील कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर विमान चालवावे आणि किती भाडे आकारावे हे एक सरकारी मंडळ ठरवीत असे. भाड्यात चढाओढ करण्याची मुभा नसल्यामुळे कंपन्या जेवणाच्या थाटात आणि सुखसोयींत चढाओढ करीत. अमेरिकन एअरलाइन्सने तर आपल्या जंबो विमानांच्या बैठकीत पियानो बसवला होता. अशा ऐश्वर्यातही दहापैकी चार-चार आसने रिकामी जात. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी निर्बंधमुक्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि ज्या कंपन्यांनी चाळीस वर्षे भाड्याचा विचारच केला नव्हता त्यांच्यावर स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्यांशी झुंजण्याचा प्रसंग आला. भाडे उतरवत राहिल्यास दिवाळे निघते आणि न उतरवल्यास उतारू जातो, या पेचातून वाट काढण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांच्या हाताशी एक असे साधन होते, जे त्या काळी थोड्याच कंपन्यांजवळ इतक्या प्रगत अवस्थेत होते.

त्या साधनाची जन्मकथाही विमानातच घडली आहे. १९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ आणि आयबीएम कंपनीचे एक विक्री-अधिकारी ब्लेअर स्मिथ शेजारीशेजारी बसले; आडनाव एकच निघाल्यामुळे बोलणे सुरू झाले आणि बोलता बोलता आरक्षणाच्या हस्तलिखित नोंदींचा विषय निघाला. त्या संभाषणातून पुढे सेबर ही संगणकीय आरक्षणपद्धती निर्माण झाली. क्रँडल यांच्या माणसांनी सेबरचे दप्तर धुंडाळून ज्या दूरध्वनी क्रमांकांवरून पुनःपुन्हा आरक्षण होत असे ते वेचून काढले, त्यावरून नित्याच्या उतारूंची यादी सिद्ध केली, आणि १ मे १९८१ रोजी त्यांच्यासाठी एक योजना जाहीर केली: जितके मैल प्रवास तितके मैल खात्यात जमा, आणि ठरावीक मैल जमले की एक आसन मोफत. युनायटेड कंपनीने आठवडा उलटण्याच्या आत तशीच योजना काढली आणि इतरांना मागे राहणे शक्यच उरले नाही. दिलेले आसन एरवी रिकामेच जाणारे असल्यामुळे कंपनीस त्याचा खर्च थोडे इंधन आणि एक जेवण एवढाच पडे. घेणाऱ्याला मात्र ते शेकडो डॉलरांचे वाटे. देणाऱ्याचा खर्च आणि घेणाऱ्याचा लाभ यांतील या अंतरावर पुढची सारी इमारत उभी राहिली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तिकिटाचे पैसे भरी ती कचेरी आणि मैल जमा होत ते नोकराच्या वैयक्तिक खात्यात. कंपन्यांनी ही व्यवस्था बुद्धिपुरस्सर केली होती, कारण कोणत्या विमानाने जावयाचे हे त्या नोकराच्याच हाती असे. परंतु याचा एक परिणाम असा झाला की जो गृहस्थ महिन्यातील निम्मे दिवस कामानिमित्त घराबाहेर राही, त्याने घराबाहेर काढलेल्या त्या दिवसांची भरपाई वर्षअखेर बायकामुलांना एखाद्या समुद्रकाठच्या सहलीच्या रूपाने मिळू लागली. सरकारी करखात्यानेही २००२ साली, कामाच्या प्रवासातून मिळालेल्या अशा मैलांवर आपण कर लावणार नाही, असे प्रकटन काढून या व्यवहारास एक प्रकारे मान्यता दिली.

किराणा दुकानातली वही आणि विमानातले आसन या दोहोंची गाठ १९८६-८७ मध्ये पडली. काँटिनेंटल कंपनीने १९८६ साली एका बँकेशी करारनामा करून कार्ड काढले, आणि १९८७ साली सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सच्या नावाचे कार्ड आणले, ज्यावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरामागे एक मैल जमा होई. आता मैल मिळवण्यासाठी विमानात बसण्याची गरज उरली नाही. भाजी, पेट्रोल, मुलांचे बूट, दंतवैद्याचे बिल, सर्व काही मैलांत रूपांतरित होऊ लागले. यातील पैशाचा प्रवाह समजून घेणे अगत्याचे आहे. दुकानदाराच्या गल्ल्यात कार्डाने शंभर डॉलर पडले की त्यातील दोन-तीन डॉलर शुल्कादाखल वजा होतात. त्या शुल्काचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. बँक त्यातील काही रक्कम विमान कंपनीला देऊन मैल विकत घेते आणि ते कार्डधारकाच्या खात्यावर चढवते. स्पेरी आणि हचिन्सन यांच्या योजनेत दुकानदार तिकिटे विकत घेत होता. येथेही पैसा त्याच्याच खिशातून जातो, फरक इतकाच की त्याला आता तिकीट दिसतही नाही.

कुटुंबांनी या संधीचा उपयोग किती कल्पकतेने केला याची सर्वांत प्रसिद्ध हकिकत १९९९ सालची आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील डेव्हिड फिलिप्स नावाच्या स्थापत्य अभियंत्याने एका खाद्यपदार्थ कंपनीची जाहिरात लक्षपूर्वक वाचली, तेव्हा त्याच्या ध्यानी आले की पदार्थांच्या वेष्टनावरील दहा पट्ट्या पाठवल्यास पाचशे मैल मिळतात, त्या लवकर पाठवल्यास हजार मिळतात, आणि याच कंपनीच्या पुडिंगची एक डबी एका स्वस्त दुकानात अवघ्या पंचवीस सेंटांस मिळते. त्याने गावोगावची दुकाने पालथी घालून ३,१४० डॉलरांत १२,१५० डब्या घेतल्या. पट्ट्या सोलून सोलून घरच्या माणसांची बोटे दुखू लागली आणि मुदत तर जवळ येत चालली, तेव्हा त्याने सॅल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला सगळे पुडिंग देऊ केले, मात्र पट्ट्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी सोलून द्याव्यात अशी विनंती केली. गरिबांना खाद्य मिळाले, त्याला दानाबद्दल करात सूट मिळाली, आणि खात्यावर साडेबारा लाखांच्या आसपास मैल जमले, ज्यांच्या बळावर ते कुटुंब पुढे वर्षानुवर्षे प्रवास करीत राहिले. २००८ नंतर सरकारी टांकसाळ एक डॉलरची नाणी पोस्टखर्चाशिवाय घरपोच देऊ लागली, तेव्हा कित्येकांनी मैलांसाठी ती कार्डावर मागवून तशीच बँकेत भरण्याचा सपाटा लावला. २०११ च्या जुलैत टांकसाळीने कार्डाने पैसे घेणेच बंद केले. या दोन हकिकतींत मी फिलिप्सची बाजू घेईन; त्याने छापलेल्या अटींचे पालन केले आणि त्यात कोणाचेही नुकसान झाले नाही. नाण्यांचा खर्च मात्र सार्वजनिक तिजोरीवर पडत होता.

मराठी माणसाचा या इतिहासाशी संबंध आला तो अमेरिकेतच. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्याने तेथील दारे उघडल्यावर गेलेल्या अभियंत्यांची आणि डॉक्टरांची कुटुंबे स्थिरावली, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, आणि संगणक-व्यवसायाच्या भरात आणखी हजारो घरे न्यू जर्सीत व कॅलिफोर्नियात वसली. या घरांपुढील प्रश्न सहलीचा नसून मुलांना आजी-आजोबा दाखवण्याचा होता. न्यू जर्सीतील शाळा जूनच्या अखेरीस सुटतात आणि सप्टेंबरच्या आरंभी भरतात, त्यामुळे हापूस आटोपल्यावर आणि बहुधा गणपती येण्यापूर्वी, भर आषाढ-श्रावणाच्या पावसात ही मुले पुण्याला, नागपूरला वा रत्नागिरीला पोहोचतात. आणि नेमका हाच काळ विमानभाडे सर्वाधिक असण्याचा. चौघांच्या तिकिटांची बेरीज पाहून एक वर्षाआड जाण्याचे ठरवणारी घरे काही कमी नव्हती. मग रात्रीच्या जेवणानंतर हिशेबाची वही निघे: किराणा या कार्डावर, गाडीचा विमा त्या कार्डावर, नव्या कार्डाबरोबर मिळणारे मोठे बक्षीस यंदा नवऱ्याच्या नावावर आणि पुढच्या वर्षी बायकोच्या. मोफत आसने सुमारे अकरा महिने आधी खुली होतात. एकाच विमानात चार मिळणे दुर्मीळ, म्हणून बाबा थोरल्याला घेऊन फ्रँकफर्टमार्गे आणि आई धाकटीला घेऊन दुसऱ्या दिवशी झुरिकमार्गे, अशी विभागणीही पत्करावी लागे.

परंतु या मैलांचे खरे मोल मला वाटते ते अशा नियोजनात नाही. रात्री दोन वाजता फोन वाजतो, आईला अतिदक्षता विभागात ठेवले आहे असे धाकटा भाऊ सांगतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाचा भाव नेहमीच्या तिपटीवर गेलेला असतो. जोपर्यंत मैलांचे दरपत्रक ठरलेले होते तोपर्यंत जागा शिल्लक असल्यास या आयत्या वेळच्या तिकिटालाही तेवढेच मैल पडत. परदेशी राहणाऱ्या मुलामुलींना आईवडिलांच्या शेवटच्या भेटीस जे पोहोचता आले, त्यात या दरपत्रकाचा वाटा मोठा आहे, आणि म्हणूनच ते दरपत्रक मोडले गेले याचे मला मनापासून दुःख होते. डेल्टाने २०१५ साली आणि युनायटेडने २०१९ साली ते काढून टाकले. आता मागणी वाढेल तसे मैलही वाढतात.

हे करण्याचा अधिकार कंपन्यांना कोणी दिला, असे विचारणारी फिर्याद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेली. १९८८ साली अमेरिकन एअरलाइन्सने मोफत आसनांवर नवी बंधने घातली आणि ती आधी जमवलेल्या मैलांनाही लागू केली. इलिनॉयमधील सभासदांनी दावा लावला. १९९५ च्या निवाड्यात न्यायालयाने सांगितले की राज्याचा ग्राहक-संरक्षण कायदा येथे चालणार नाही, मात्र करारभंगाचा दावा सभासद करू शकतो. २०१४ साली नॉर्थवेस्ट कंपनीने फार तक्रारी करतो या सबबीवर सभासदत्व रद्द केलेल्या एका ज्यू धर्मगुरूची फिर्याद आली. करारात सद्भाव गृहीत धरला पाहिजे हे त्याचे म्हणणे न्यायालयाने एकमताने फेटाळले. करारनाम्याचा मसुदा कंपनीचा, त्यातील कलमे बदलण्याची मुखत्यारी कंपनीची, आणि मैल ही सभासदाची मालमत्ता नव्हे असे त्यातच नमूद. उलटपक्षी कंपनीच्या दृष्टीने ही केवढी मालमत्ता आहे हे २०२० च्या महामारीत उघड झाले: विमाने जमिनीवर खिळली असता युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, आणि त्या योजनेचे मूल्य कंपनीनेच सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितले होते.

या फुकट प्रवासाचे पैसे अखेर कोण भरतो? दुकानदार कार्डाचे शुल्क मालाच्या भावात मिसळतो, आणि तो भाव रोखीने घेणाऱ्यालाही तेवढाच पडतो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० साली केलेल्या गणनेनुसार रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाकडून वर्षाला १४९ डॉलर जातात आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. यांत भर पडते ती, ज्यांचे देणे महिनोन्महिने थकते त्यांच्या व्याजाची. युरोपीय संघाने २०१५ साली बँकांमधील या शुल्कावर क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्याची मर्यादा घातली आणि तेथील पॉइंट लगेच रोडावले. अमेरिकेत क्रेडिट कार्डांपुरती अशी संघीय मर्यादा नाही. ज्या घराला प्रवास परवडतो त्याला तो स्वस्त पडावा आणि ज्याला कार्डही मिळत नाही त्याने त्याचा भार उचलावा, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही. कार्डधारकाने सवलत घेण्यात दोष नाही, दोष कायदेमंडळाच्या उदासीनतेचा आहे.

आपल्याकडे डायनर्स क्लब १९६० नंतरच्या दशकारंभी आले आणि सेंट्रल बँकेने १९८० साली आपले कार्ड काढले, परंतु पॉइंटांचा प्रसार अगदी अलीकडचा. त्यापूर्वीच्या मराठी मध्यमवर्गाचा प्रवास सरकारी नोकरीतील रजा-प्रवास सवलतीवर, नात्यागोत्यातील मुक्कामावर आणि तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळांवर चाले. १९८८ साली राज्य परिवहनाने ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास काढला तेव्हा कित्येक शिक्षकांनी मुलाबाळांसह अष्टविनायक आणि कोकण त्यावर पाहिले. २०२० च्या जानेवारीपासून बँकखात्यातून होणाऱ्या यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदारास शुल्क नाही, आणि म्हणूनच भाजीवाल्याच्या चौकोनी चिन्हावर असे पैसे पाठवताना विमानाचे तिकीट साठत नाही; त्या भाजीवाल्याच्या दृष्टीने हे उत्तम आहे. क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला आपल्याकडे दरमहा तीन ते पावणेचार टक्के व्याज लागते, म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्क्यांहून अधिक. इतक्या व्याजापुढे कोणतेही पॉइंट टिकत नाहीत. ज्या घरात कार्डाचे पूर्ण देणे नियत तारखेस फिटते त्या घराने ही सवलत अवश्य घ्यावी, मुलांच्या सुट्टीच्या अकरा महिने आधी आसने शोधावीत, आणि जमलेले पॉइंट पुढील दरवाढीची वाट न पाहता खर्चून टाकावेत. इतरांसाठी एस.टी.च्या आगारात चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास आजही मिळतो.